गावाची पाणीयोजना गावाच्या हाती: पन्नास वर्षांच्या चर्चेचा आढावा

विषयाची व्याप्ती

गावाने स्वतः चालवलेली पाणीयोजना म्हणजे उद्भवापासून घरातल्या तोटीपर्यंतच्या सगळ्या साखळीची जबाबदारी ग्रामपंचायतीने किंवा गावातल्या समितीने घेणे. महाराष्ट्रातल्या मध्यम गावात ही साखळी साधारण सारखीच असते. नदीकाठी, तलावाच्या खालच्या अंगाला किंवा ओढ्यालगत विहीर नाहीतर बोअर, त्यावर वीजपंप, तिथून उंच टाकीपर्यंत चढणारी ऊर्ध्ववाहिनी, टाकीपाशी निर्जंतुकीकरण, आणि टाकीतून वस्तीवस्तीत उतरणारे पाइप. यातले कोणतेही यंत्र दुर्मीळ नाही. मोटर भरून देणारा कारागीर तालुक्याच्या बाजारपेठेत असतोच, आणि टाकी बांधणारा ठेकेदारही जिल्ह्यातच मिळतो.

तरीही योजना उभी राहते, नारळ फुटतो, दोन-तीन उन्हाळे पाणी येते आणि मग गावात पुन्हा टँकर उभा राहतो, हा अनुभव राज्याच्या बऱ्याच भागांत नवा नाही. म्हणूनच गेल्या पन्नास वर्षांतली चर्चा योजना बांधायची कशी यापेक्षा ती चालवायची कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या पाण्यावर, याभोवती फिरत आली आहे. या चर्चेत लोकसहभागाच्या तीन पायऱ्या नेहमी एकमेकींत मिसळतात. योजना कुठे आणि कशी व्हावी हे ठरवणे ही पहिली, खर्चाचा वाटा उचलणे ही दुसरी आणि रोजचा कारभार पाहणे ही तिसरी. सरकारी योजनांनी गावाला दुसरी आणि तिसरी पायरी उदारपणे दिली. पहिली देताना हात नेहमीच आखडता राहिला.

पाणवठ्यापासून हापशापर्यंत

नळ येण्याआधीही गावाचे पाणी गावच सांभाळत होते, पण ते सगळ्या गावाचे नव्हते. आड, बारव, नदीतला झरा यांवर कोणी कुठून भरायचे हे जातीने ठरलेले होते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तळे सार्वजनिक असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिला. स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनी डॉ. बाबा आढाव यांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम गावोगाव न्यावी लागली, यावरून कायदा आणि विहिरीचा काठ यांतले अंतर दिसते. लोकव्यवस्थापनाची चर्चा बहुधा जुन्या सामुदायिक परंपरांचा गौरव करून सुरू होते. हा इतिहास त्या गौरवाला आवर घालणारा आहे.

परंपरेचे दुसरे उदाहरण म्हणून धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीचा दाखला दिला जातो. पांझरा आणि मोसम यांसारख्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांचे पाणी पाटकरी नेमून, पाळ्या लावून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाटले. मात्र ते सिंचनाचे पाणी होते. त्यात ज्याची जमीन त्याचाच वाटा होता. पिण्याच्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा जमीनदाराइतकाच असतो, त्यामुळे फडाचे नियम जसेच्या तसे नळयोजनेला लागू होत नाहीत.

१९७२ च्या दुष्काळाने चित्र पालटले. केंद्राचा ग्रामीण पाणीपुरवठ्याचा गतिमान कार्यक्रम १९७२-७३ मध्ये सुरू झाला आणि युनिसेफच्या मदतीने आलेल्या रिग यंत्रांनी बेसॉल्टच्या कठीण खडकात बोअर घेणे शक्य केले. बोअरवर बसवलेले सुरुवातीचे बिडाचे पंप मात्र घरगुती वापराच्या बेताचे होते. दिवसभर अख्खी वस्ती हापसू लागली की ते मोडत. यावर तोडगा मराठी मुलुखातच निघाला. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कामातून तयार झालेल्या मजबूत पंपांची रचना पुढे ‘इंडिया मार्क २’ या हातपंपासाठी पायाभूत ठरली, आणि हा पंप देशभर व देशाबाहेरही गेला. हापशाने पाणी गावात आणले, पण दुरुस्ती गावाबाहेरच राहिली. साखळी तुटली, वायसर गेला की पंचायत समितीच्या पथकाची वाट पाहावी लागे. पुढची ‘मार्क ३’ ही सुधारणा याच कारणाने झाली. वायसर बदलण्यासाठी सगळे पाइप वर काढावे लागू नयेत, गावातल्या माणसाने ते काम करावे, हा तिचा हेतू होता. गावाने देखभाल करावी ही कल्पना धोरणात येण्याआधी अशी अवजारात आली.

याच काळात मोठ्या योजनांसाठी राज्याने वेगळी यंत्रणा उभारली. १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ स्थापन झाले, तेच पुढे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. धरणातून पाणी उचलून एकाच वेळी अनेक गावांना देणाऱ्या प्रादेशिक योजना त्यातून झाल्या. विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, तिथे ‘८४ खेडी’, ‘६४ खेडी’ अशा नावांनीच त्या ओळखल्या जातात. अशा योजनेत एका गावाच्या समितीच्या हातात फक्त गावातली टाकी राहते. वरची जलवाहिनी फुटली, वरच्या गावाने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला किंवा शेजारच्या गावांनी थकबाकी केली, तर शेवटच्या टोकाच्या गावाने सगळे नियम पाळूनही तिथे पाणी पोहोचत नाही.

मागणी करील त्याला योजना

१९९० च्या दशकात धोरणाची दिशा बदलली. १९९२ च्या डब्लिन परिषदेने पाण्याला आर्थिक मूल्य असल्याचे तत्त्व मांडले. त्याच वर्षी ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतींचा विषय म्हणून नोंदला गेला. एलिनॉर ऑस्ट्रम यांचे सामुदायिक संसाधनांवरचे पुस्तक १९९० चे. सामाईक साधन वापरणारे लोक आपले नियम आपण ठरवून ते टिकवू शकतात, ही त्यांची मांडणी धोरणकर्त्यांच्या कामाची ठरली. पंचायतीला अधिकार, पाण्याला किंमत आणि लोकांवर विश्वास हे तीन वेगळे विचार एकाच शासन निर्णयात बसवले गेले. पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ या मिश्रणात आहे.

केंद्राने १९९९ मध्ये देशातल्या ६७ जिल्ह्यांत सुधारणा प्रकल्प घेतला आणि डिसेंबर २००२ मध्ये तो ‘स्वजलधारा’ या नावाने सर्वत्र नेला. भांडवली खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी आणि देखभालीचा शंभर टक्के खर्च गावाचा, हे त्याचे सूत्र होते. महाराष्ट्राने २००० मध्ये मागणीआधारित धोरण स्वीकारले. त्याचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे जागतिक बँकेच्या मदतीने २००३ ते २००९ या काळात २६ जिल्ह्यांत राबवलेला ‘जलस्वराज्य’ प्रकल्प. पुणे, अहमदनगर आणि औरंगाबाद जिल्ह्यांत जर्मन साहाय्याने ‘आपलं पाणी’ हा तसाच प्रकल्प झाला.

जलस्वराज्याचे वेगळेपण पैशाच्या वाटेत होते. निधी थेट गावच्या समितीच्या बँक खात्यात जाई आणि समिती स्वतः तांत्रिक सल्लागार व ठेकेदार नेमे. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा, खर्च तपासायला सामाजिक लेखापरीक्षण समिती, सोबतीला सहाय्यक संस्था अशी रचना होती. त्यातून अनेक गावांत पहिल्यांदाच बायकांनी टाकीची जागा बदलून घेतली किंवा ठेकेदाराचे बिल अडवले. उलट बाजूही नोंदली गेली आहे. वर्गणी गोळा होईना म्हणून ठेकेदारानेच ती भरल्याच्या तक्रारी, हिशेब न लागलेली खाती, सही करणाऱ्या अध्यक्ष-सचिवांवर निघालेल्या वसुल्या आणि प्रकल्प संपताच निघून गेलेल्या सहाय्यक संस्था, हे सगळे त्याच प्रकल्पाच्या पोटातले आहे. वर्गणीचा भार समजण्यासाठी एवढे पुरे: योजना ४० लाखांची आणि घरे ४०० असतील, तर दहा टक्क्यांचा घरटी वाटा हजार रुपये होतो. बागायतदाराला ही रक्कम किरकोळ आहे; ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला नाही.

जलजीवन मिशन आणि घरटी नळ

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने मोजमापच बदलले. आधी गावात सार्वजनिक नळकोंडाळे झाले की गाव ‘पाणीपुरवठा झालेले’ धरले जाई. आता प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर हे माप ठरले. तेव्हा देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ३.२३ कोटी, म्हणजे सुमारे १७ टक्के कुटुंबांकडे नळ होता. २०२५ पर्यंत हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला. मूळ मुदत २०२४ ची होती, ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवण्यात आली.

कागदावर मिशन लोकसंचालितच आहे. दहा ते पंधरा जणांची पाणी समिती, तिच्यात निम्म्या महिला आणि पाव जागा दुर्बल घटकांना, गावकृती आराखडा, डोंगरी, वनक्षेत्रातल्या आणि अनुसूचित जाती-जमातीबहुल गावांत पाच टक्के तर इतरत्र दहा टक्के वर्गणी, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात मुदतीच्या घाईत अंदाजपत्रके जिल्हा पातळीवर तयार झाली आणि निविदा तिथूनच निघाल्या. गावाचा संबंध पुष्कळदा ग्रामसभेच्या ठरावापुरता राहिला. मिशनच्या २०२२ च्या कार्यक्षमता पाहणीत ८६ टक्के घरांच्या नळांना पाणी आढळले, पण पुरेसे, नियमित आणि पिण्यायोग्य या सर्व कसोट्यांना उतरणारी घरे ६२ टक्केच निघाली. या दोन आकड्यांतले अंतर पाइपने भरून निघणारे नाही. ते रोजच्या कारभाराचे आहे.

महिन्याचा हिशेब

हा कारभार किती खर्चाचा असतो हे दोन हजार वस्तीच्या, चारशे उंबऱ्यांच्या गावावर मांडून पाहता येते. माणशी ५५ लिटरने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. विहिरीच्या तळापासून टाकीपर्यंतची एकूण उंची घर्षणासह ४० मीटर आणि पंपसंचाची कार्यक्षमता निम्मी धरली, तर रोज सुमारे २४ युनिट वीज जळते, महिन्याला ७२०. युनिटला सहा रुपये धरल्यास बिल ४,३०० रुपयांच्या आसपास येते. पाणी सोडणाऱ्या माणसाला आठ हजार, निर्जंतुकीकरणाच्या टीसीएल पावडरीला साडेतीनशे आणि दुरुस्ती व पुढच्या पंपासाठी बाजूला चार हजार रुपये ठेवले, तर महिन्याचा खर्च साधारण साडेसोळा-सतरा हजारांवर जातो. घरटी ४२ रुपये, वर्षाला पाचशे.

आकडा भीतिदायक नाही, आणि लोकव्यवस्थापनाचे समर्थक नेमके यावरच बोट ठेवतात. पण हा हिशेब सगळ्यांनी पाणीपट्टी भरली तरचा आहे. निम्म्यांनीच भरली तर भरणाऱ्याचा दर दुप्पट करावा लागतो, आणि तो होत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पाच वर्षांनी येते व पाणीपट्टी वाढवून ती लढवणारा सरपंच विरळा. मग पहिला फटका बाजूला ठेवायच्या चार हजारांना बसतो, दुसरा पाणी सोडणाऱ्याच्या पगाराला आणि तिसरा वीजबिलाला. महावितरणने जोडणी तोडली की योजना बंद पडल्याची बातमी होते, पण तिचे दुखणे दोन-तीन वर्षे आधी सुरू झालेले असते.

पाणी सोडणारा हा या व्यवस्थेतला सर्वांत दुर्लक्षित माणूस आहे. पंप नदीकाठी शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री-फेज वीज दिवसातले आठ-दहा तासच मिळते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. तेव्हा उठून स्टार्टर चालू करायचा, टाकी भरली की पहाटे एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवायचा, नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांशी भांडायचे, आणि पगार मात्र ग्रामपंचायतीत वसुली होईल तेव्हा. कोणत्या गल्लीत पाइप कुठे वळतो, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो, हे त्याच्या डोक्यात असते, कागदावर नसते. तो काम सोडून गेला की गावाच्या योजनेची निम्मी माहिती त्याच्याबरोबर जाते.

पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिला, त्यामुळे बऱ्याच ग्रामपंचायतींची वीजबिले निघाली. तरी याचाही एक उलटा परिणाम तज्ज्ञ दाखवतात. अनुदानातून बिल भागते हे कळल्यावर पाणीपट्टी वसुलीची उरलीसुरली निकडही जाते.

स्वच्छ पाण्याची कसोटी

पाणी येणे आणि स्वच्छ पाणी येणे यांत फरक आहे, आणि गावपातळीवर दुसरी गोष्ट जास्त ढिली पडते. भारतीय मानकानुसार शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात आढळता कामा नये आणि शेवटच्या तोटीला उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. उपाय साधा आहे: हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचे निवळ द्रावण टाकीत सोडायचे आणि अर्ध्या तासाने नळ सुरू करायचा. मग टोकाच्या घरच्या पाण्यात ओटी या तपासणी द्रावणाचे थेंब टाकले की, क्लोरीन उरला असल्यास, ते पिवळे होते.

गडबड तपशिलात होते. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोते उघडे ठेवले, ओल लागली की तो उडून जातो. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये अशी आरोग्य विभागाची सूचना आहे, पण ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर पडलेले पोते तपासायला कोणी पाठवत नाही. दुसरीकडे वासामुळे लोक कुरकुर करतात म्हणून डोस कमी होतो. राज्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो आणि उद्भवांची पाहणी करून गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. ही पद्धत चांगली आहे, कारण निकाल गावाला एका नजरेत कळतो. तिची मर्यादा अशी की ती वर्षातून ठरावीक वेळीच होते, तर गळक्या पाइपातून गटाराचे पाणी शिरायला एक पावसाळी रात्र पुरते. दिवसाआड पाणी सोडणाऱ्या गावात पाइप बराच वेळ रिकामे राहून बाहेरचे पाणी ओढतात, त्यामुळे पुरवठ्याचे तास आणि शुद्धता हे वेगळे विषय धरता येत नाहीत.

फ्लोराइडची गोष्ट आणखी अवघड. यवतमाळमधल्या केळापूर-झरी, नांदेडमधल्या किनवट आणि चंद्रपूरच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात तो मर्यादेबाहेर आढळतो. मानक लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा उद्भव नसल्यास १.५ पर्यंत चालते. क्लोरीनने तो जात नाही, उकळल्याने उलट वाढतो, आणि गाळणयंत्रातली माध्यमे वेळोवेळी बदलावी लागतात. समितीच्या आवाक्यातला खात्रीचा उपाय म्हणजे दुसरा उद्भव शोधणे, पण नव्या विहिरीची जागा तपासण्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेवरच अवलंबावे लागते.

उद्भव कोणाचा?

लोकव्यवस्थापनाच्या साहित्यात समितीची रचना, बैठका, लेखे यांवर पानेच्या पाने असतात. त्यांच्या मानाने विहिरीतल्या पाण्यावर फार कमी लिहिले गेले, आणि ही त्या साहित्याची सर्वांत मोठी उणीव आहे. राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खनच्या काळ्या खडकाचा आहे. त्यात पाणी फटींत आणि कुजलेल्या थरांत थोडेच साठते, आणि शेजारच्या शेतात दोनशे फुटांचा नवा बोअर गेला की गावच्या विहिरीचा झरा आटू शकतो.

याची जाणीव कायद्याला लवकर झाली. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेण्यास मनाई केली. २००९ चा नवा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला आणि त्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवरही बंधन घातले. अंमलबजावणी मात्र नावालाच राहिली. ज्याचा बोअर गावाच्या विहिरीजवळ आहे तो अनेकदा समितीचाच सदस्य किंवा भावकीतला असतो. त्याच्याविरुद्ध अर्ज करणारा गावात एकटा पडतो.

हिवरे बाजारचे उदाहरण इथेच महत्त्वाचे ठरते. १९९० च्या सुमारास सरपंच झालेल्या पोपटराव पवारांच्या पुढाकाराने या गावाने केलेली पाणलोटाची कामे सर्वांना माहीत आहेत. कमी चर्चिला गेलेला भाग असा की गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर स्वतःच बंदी घातली, उसासारखी पिके टाळली, आणि दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून आधी पिण्याचे, मग जनावरांचे, मग शेतीचे असा क्रम लावला. त्याआधी, १९७४ पासून, पुरंदर तालुक्यातल्या नायगाव परिसरात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून माणशी वाटपाचे आणि भूमिहीनालाही हक्क देण्याचे तत्त्व मांडले होते. दोन्हीकडे योजना टिकली ती पाण्याच्या वापरावर बंधन आल्यामुळे. पण समर्थ नेतृत्व आणि छोटे गाव यांचा वाटा त्यात किती, आणि असे बंधन पाच-सहा हजार वस्तीच्या, गटातटाच्या गावात कसे आणायचे, या प्रश्नाला चर्चेत अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. केंद्राच्या अटल भूजल योजनेने महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत गावाचा पाण्याचा ताळेबंद सार्वत्रिक करण्याचा प्रयत्न केला. ताळेबंद लिहिला गेला तरी तो पाळणे ऐच्छिकच राहते.

कोकणात अडचण वेगळी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, पण जांभ्यातून तो झरझर निघून जातो आणि एप्रिलमध्ये वाड्या कोरड्या पडतात. इथे डोंगरातला झरा अडवून गुरुत्वावर पाणी आणणाऱ्या छोट्या योजना सर्वांत टिकाऊ ठरतात, कारण वीजबिलच नसते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत पाड्यांसाठी सौर दुहेरी पंप चालतात. एकाच बोअरवर हातपंपही असतो आणि पाच हजार लिटरची टाकी भरणारा सौरपंपही. ढगाळ दिवशी हापसा हाताशी असतो.

चार भूमिका

या सगळ्यावरून आज चार भूमिका दिसतात. पहिली लोकव्यवस्थापनाची: जे गाव निर्णय घेते आणि पैसे घालते तेच योजना जपते. ओडिशातल्या ‘ग्रामविकास’ संस्थेने गावातले प्रत्येक कुटुंब, दलित-आदिवासींसह, सामील झाल्याशिवाय काम सुरूच न करण्याची अट घातली आणि ती शेकडो गावांत पाळून दाखवली. गुजरातेत २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘वास्मो’ने हेच सरकारी चौकटीत केले. दुसरी भूमिका हक्काची: संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये पाण्याला मानवी हक्क मानले, मग शहराला प्राधिकरणाने पाणी द्यायचे आणि खेड्याने वर्गणी काढून स्वतः आणायचे, हा दुजाभाव का, असा तिचा सवाल. हा सवाल धोरणाच्या कागदपत्रांत फारसा गांभीर्याने घेतलेला दिसत नाही. तिसरी भूमिका व्यावसायिक देखभालीची: समितीने मालकी ठेवावी, पण दुरुस्ती करारावर तज्ज्ञांकडे द्यावी. केनियात हातपंप ठरावीक दिवसांत दुरुस्त करून देणाऱ्या कंपन्या आणि होंडुरासमध्ये पन्नासेक गावांमागे एक फिरता तंत्रज्ञ ही त्याची उदाहरणे. चौथी भूमिका भूजलतज्ज्ञांची: उद्भवाचा बंदोबस्त आधी, बाकी मग.

या भूमिकांत तडजोडीचा पूल बांधणारा अभ्यास भारतातच झाला. १७ राज्यांतल्या २० यशस्वी गावयोजना तपासल्यावर असे दिसले की जिथे लोकव्यवस्थापन टिकले, तिथे बाहेरून सततचा तांत्रिक, आर्थिक आणि प्रशासकीय आधार होता, आणि त्या आधाराचाही खर्च होता. समिती एकटी पडली की हळूहळू मोडते. दुर्बल घटकांच्या बाबतीत मात्र अभ्यासांचा सूर एकमुखी नाही. काही ठिकाणी महिलांच्या समित्यांनी वसुली सुधारली. इतर ठिकाणी सह्या त्यांच्या आणि निर्णय घरच्या पुरुषांचे राहिले. शिवाय मिशनखाली गावातल्या पाच बायकांना पाणी तपासणीचे किट देऊन काम विनामोबदला करून घेणे, हे सक्षमीकरण की फुकटची मजुरी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दलित वस्तीची जोडणी जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असणे ही तक्रार घरटी नळ आल्यावर कमी झाली, तरी दाब आणि तास यांतून ती नव्या रूपात उरते.

अनिर्णित मुद्दे

काही प्रश्न मिटलेले आहेत. बायकांनी टाकीच्या जागेपासून निर्णयात असावे, घरटी नळ हे योग्य माप आहे, आणि देखभालीचा पैसा योजनेच्या आधीच ठरला पाहिजे, यांवर आता कोणी वाद घालत नाही. वाद उरतो तो प्रादेशिक योजनांबाबत. अनेक गावांच्या शिखर समितीने त्या चालवाव्यात, की प्राधिकरणानेच दाराशी पाणी विकावे? हस्तांतरणाला ग्रामपंचायती नकार देतात आणि यंत्रणा ते लादू पाहते, हे वर्षानुवर्षे चालू आहे. दुसरा उरलेला प्रश्न भूजलाच्या बंधनाचा आहे. त्याचा निर्णय गावात घ्यायचा की तालुक्यात, हे कायद्यात आहे, व्यवहारात नाही.

तिसरा प्रश्न मुदतीचा. पाणीपुरवठ्याच्या रचनेत पंपाचे आयुष्य १५ वर्षे आणि जलवाहिन्यांचे ३० वर्षे धरले जाते. जलजीवन मिशनमध्ये बसलेले पंप त्यामुळे २०३५ च्या आसपास बदलायला येतील. त्या वेळी लागणारा पैसा ग्रामपंचायतीच्या राखीव निधीतून, वित्त आयोगाच्या अनुदानातून की एखाद्या नव्या योजनेतून यायचा, याचा निवाडा अजून झालेला नाही, आणि तोवर बहुतेक समित्यांच्या पासबुकात त्यासाठीची शिल्लक जमा होत नाही.